दुसरी ऑर्डर कुठाय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की मांडवीत बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, बांधणारे हात आणि युद्धनौका बांधणारे हात काही वेगळे नसतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. संपादकांनी गठ्ठाच घरी पाठवला. बहुतेकांचा रोख एकच: मोठ्या देशांचं ठीक आहे, पण छोटे आणि गरीब देश शस्त्रं बनवण्याच्या भानगडीत पडतात ते कसे, आणि त्यातले तरतात किती? मी संरक्षणतज्ज्ञ नव्हे. आयटीआय करून नदीकाठच्या एका खासगी यार्डात हेल्पर म्हणून लागलो, मधली चार वर्षं सिंगापूरला सेंबावांगच्या गोदीत काढली आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. तेव्हा उत्तरं पत्र्याच्या, वेल्डिंगच्या आणि पगाराच्या अंगानं येतील. ज्यांना रणनीती हवी त्यांनी टीव्ही लावावा.

प्रश्न: बाजारात तयार शस्त्रं मिळत असताना छोट्या देशांनी पदरमोड करून ती स्वतः बनवायचा अट्टहास कशाला करावा? चवथीला आपण मूर्ती विकतच आणतो, घरी माती मळत बसत नाही.
— अर्थशास्त्राचा विद्यार्थी, फोंडे

मूर्ती तुम्ही चित्रशाळेतून आणता, बरोबर. आता समजा, चवथीच्या आदल्या संध्याकाळी पाट घेऊन गेलात आणि चित्रशाळेवाला म्हणाला, "यंदा तुम्हाला द्यायची नाही. तुमचं शेजाऱ्याशी भांडण चाललंय म्हणे." शस्त्रांच्या बाजारात हे नेमकं भांडणाच्याच दिवशी होतं. एरवी दुकानदार बसवून चहा पाजतो.

तुर्कस्तानचं बघा. 1974 मध्ये त्यांनी सायप्रसमध्ये सैन्य उतरवलं. विमानं अमेरिकन, विनाशिका अमेरिकन. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेनं शस्त्रपुरवठा तोडला तो 1978 पर्यंत. पण मला त्या बंदीपेक्षा आधीचा एक प्रसंग जास्त बोलका वाटतो. त्याच मोहिमेत 21 जुलैला तुर्की विमानांनी तुर्की नौदलाचीच 'कोजाटेपे' ही विनाशिका शत्रूची समजून बुडवली. विमानातले आणि जहाजावरचे यांचं आपसांत धड बोलणंच होत नव्हतं. म्हणून 1975 मध्ये लष्कराच्या प्रतिष्ठानानं, लोकांच्या देणग्यांच्या पैशातून, 'असेलसान' कंपनी काढली, ती वायरलेस सेट बनवायला. रणगाड्याचं नाव पुढं कितीतरी वर्षांनी निघालं. दुखतं कुठं ते आधी बघितलं.

फ्रान्सनं 1967 मध्ये इस्रायलची पैसे भरलेली मिराज विमानं अडकवून ठेवली. दक्षिण आफ्रिकेवर 1977 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रबंदी घातली. वर्णभेदाच्या राजवटीला ती हवीच होती. पण परिणाम म्हणाल तर ते लोक घरच्या घरी तोफा करायला लागले.

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं. 1659 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजं बांधायला घेतली, तेव्हा कामावर रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसं होती. वसईच्या पोर्तुगिजांना उमगलं की ही जहाजं उद्या आपल्याच उरावर येणार. त्यांनी माणसं माघारी बोलावली आणि ती मंडळी काम अर्धवट टाकून गेली. आज याच गोष्टीला तंत्रज्ञान हस्तांतरणाचा प्रश्न म्हणतात आणि पंचतारांकित हॉटेलात त्यावर परिषदा भरतात. आरमार उभं राहायचं थांबलं नाही, हेही खरं.

आणि त्याच पोर्तुगिजांवर तीनशे वर्षांनी इथं काय पाळी आली ते आमच्याकडची म्हातारी माणसं हसत सांगत. 1961 च्या डिसेंबरात गव्हर्नरनं लिस्बनकडे दारूगोळा मागवला. सांकेतिक शब्द ठरला होता 'चोरिस', म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. आणि लिस्बनहून खरोखरचे चोरिस आले, खायचे! गोव्यात चोरिसांना काय तोटा होता?

प्रश्न: ज्या देशाकडे पोलादाचा धड कारखाना नाही, इंजिनिअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तो सुरुवात नेमकी कुठून करतो? मला तत्त्व नको, पहिली पायरी सांगा.
— निवृत्त शिक्षक, म्हापसे

गुरुजी, पहिली पायरी दुरुस्ती. हे उत्तर फारसं कुणाला आवडत नाही, कारण दुरुस्तीच्या कामाला नारळ फोडायला मंत्री येत नाहीत.

बार्ज स्लिपवेवर, म्हणजे काठाच्या उतारावर, ओढून घेतली की आधी तळाचे कालव खरवडतात, मग हातोडीनं पत्रा ठोकत जातात. जिथं पत्रा झिजलेला असतो तिथं आवाज बदलतो. आता त्याला जाडी मोजायचं यंत्र आहे, आम्ही कानानं शिकलो. दुसऱ्याच्या जहाजाचा कुजलेला पत्रा कापून नवा बसवण्यात दहा वर्षं गेली की मूळ बांधणाऱ्याची चूक कुठं होती, पाणी कुठं साचतं, कुठला सांधा आधी उघडतो, हे आपोआप कळायला लागतं. मग ड्रॉइंग हातात नसलं तरी जहाज वाचता येतं.

वास्कोचं गोवा शिपयार्ड 1957 साली पोर्तुगिजांनी काढलं ते खाणींच्या बार्जींसाठी. त्याच वर्षी, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, खुलन्याला रूपसा नदीच्या काठी आणखी एक यार्ड उभं राहिलं. दोन्ही नदीकाठची, दोन्ही बार्ज-लाँचवर जगणारी. खुलन्याचं यार्ड पुढं आजारी पडलं, कर्जात बुडालं आणि 1999 मध्ये बांगलादेशाच्या नौदलाकडे सोपवलं गेलं. नौदलवाल्यांनी पहिल्याच दिवशी युद्धनौका बांधायला घेतली नाही. नदीतली जहाजं दुरुस्त करत, मिळेल ते काम घेत यार्ड कर्जातून वर काढलं. मग चिनी मदतीनं 'पद्मा' वर्गाच्या पाच गस्ती नौका बांधल्या, त्यातली पहिली 2013 मध्ये नौदलात गेली. गरीब देशानं काय करावं असं कुणी विचारलं तर मी आधी खुलन्याचं नाव घेतो, इस्रायलचं नंतर.

सिंगापूरची गोष्ट मला थोडी जवळून माहीत. 1965 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा पायदळाच्या मोजून दोन पलटणी होत्या. 1967 मध्ये त्यांनी 'चार्टर्ड इंडस्ट्रीज' काढली आणि काम दिलं 5.56 मिलिमीटरच्या गोळ्यांचं. माप एकच. थोड्याच दिवसांत देशाची नाणी पाडायचं कामही त्याच कंपनीकडे आलं. यातली अक्कल मला फार आवडते. गोळीची पुंगळी काय नि नाणं काय, धातू दाबून मापात आणायचा. आणि लढाई असो वा नसो, लोकांना सुट्टे पैसे लागतातच, म्हणजे प्रेस थंड पडत नाही. पुढं कोल्ट कंपनीचा परवाना घेऊन एम-16 रायफली बनवल्या, मग स्वतःच्या आराखड्याची 'अल्टिमॅक्स' मशिनगन आली, आणि तीस वर्षांनी स्वतःची रायफल. जहाजांचंही तसंच. आज त्यांनी बांधलेलं सैन्य वाहून नेणारं मोठं जहाज थायलंडच्या नौदलात आहे.

मी गेलो तेव्हा सेंबावांगची ब्रिटिश नौदलाची गोदी व्यापारी होऊन बरीच वर्षं लोटली होती. आम्ही तेलाच्या टँकरांवर काम करायचो. पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक पोलादी ठसा ठेवला, त्यावर नंबर. आपण केलेल्या प्रत्येक सांध्याशेजारी तो ठोकायचा. एक्स-रेत बुडबुडा दिसला की नंबरावरून बोलावणं यायचं. इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगच्या काड्या, ओव्हनमधून गरम काढायचे, गळ्यातल्या डब्यात गरमच ठेवायचे, आणि चार तासांपेक्षा जास्त उघडे राहिले तर परत करायचे. दमट इलेक्ट्रोडनं केलेला सांधा वरून सुंदर दिसतो आणि आतून तडकतो. आमच्या गोव्याच्या यार्डात आम्ही ऐन पावसाळ्यात इलेक्ट्रोडची पाकिटं बाकड्याखाली ठेवायचो! परत आल्यावर मी पहिली मागणी केली ती ओव्हनची. मालक म्हणाले, "पाव भाजणार काय रे तू?"

पाव भाजण्यावरून आठवलं. इस्रायल जन्मायच्या आधी, 1945 ते 48 मध्ये, रेहोवोतजवळच्या एका वसाहतीत जमिनीखाली गोळ्यांचा गुप्त कारखाना होता. वर कपडे धुण्याची लाँड्री आणि बेकरी. एक वाट धुलाई मशिनखालून, दुसरी भट्टीखालून. आवाज मशिनच्या आवाजात लपायचा. खाली काम करणारे उन्हाविना पांढरेफटक दिसू नयेत म्हणून त्यांना दिव्याखाली बसवत. तिथं वीस लाखांवर गोळ्या बनल्या. म्हणजे पुन्हा गोळीच, एकाच मापाची.

आता दुसरी पायरी, म्हणजे पहिल्या ऑर्डरमागून दुसरी, आणि इथं बहुतेक घसरतात. इंडोनेशियाला सैन्य वाहून नेणारी चार जहाजं हवी होती. आराखडा कोरियाचा. पहिली दोन कोरियात बांधून घेतली, उरलेली दोन सुराबायाच्या 'पीटी पाल' यार्डात. 2011 पर्यंत चारही झाली. काही वर्षांतच त्याच घराण्याची दोन जहाजं त्याच यार्डानं फिलिपीन्सच्या नौदलाला विकली. 'दोन तिकडं, दोन इकडं' हा हिशेब मला पटतो, कारण तिसरं आणि चौथं जहाज बांधताना शिकलेला माणूस पाचवं बांधायच्या वेळी कामावर असतो. त्याच इंडोनेशियानं स्वतःच्या आराखड्याचं प्रवासी विमानही काढलं होतं, एन-250. 1995 मध्ये उडालं, सगळा देश टाळ्या वाजवत होता. तीन वर्षांनी आर्थिक संकटात नाणेनिधीच्या अटींखाली सरकारी पैसा आटला आणि विमान हँगरमध्ये राहिलं. आधी कळस मग पाया असं मी म्हणणार नाही, विमान खरंच चांगलं होतं. त्याच्यामागं रांगेत उभं गिऱ्हाईक नव्हतं.

गुरुजी, आता घरचं सांगतो. एकदा आमच्या छोट्या यार्डाला दोन कामाच्या बोटींची ऑर्डर मिळाली. गिऱ्हाईक मोठं, नाव नको. बार्जीच्या दर्ज्याचं काम चालणार नव्हतं. अकरा पोरांना सहा महिने घासून तयार केलं, परीक्षा देऊन घेतल्या, ओव्हन घेतला, एक्स-रेवाला ठरवला. पहिल्या बोटीत निम्मे सांधे परत करावे लागले. पोरं रडकुंडीला आली. दुसऱ्या बोटीत दहातला एक. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आता आपल्याला येतंय. पुढची निविदा निघायला तीन वर्षं लागली आणि ती दीड टक्का कमी भाव लावणाऱ्या दुसऱ्या कुणी नेली. तोवर अकरातले आठ अबू धाबीला होते. त्यांना बोलावणार तरी कशाच्या जिवावर? ओव्हनमध्ये शेवटी कुणीतरी हातमोजे वाळत घालायला लागलं.

मधल्या तीन वर्षांत आम्ही तग धरला तो बार्जींमुळं. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, मग थोड्या सुरू झाल्या, 2018 च्या मार्चात पुन्हा बंद. खाणींनी डोंगरांचं काय केलं ते मी बघितलंय, त्यामुळं बंदी चुकीची होती असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण बार्जी चिखलात रुतून बसल्या आणि नदीकाठची यार्डं एकेक करून गप्प झाली, हेही मी बघितलंय. त्या यार्डांतून प्लेटर, फिटर, वेल्डर तयार होत. युद्धनौकेचं काम निघालं की ठेकेदार तिथूनच माणसं उचलायचे. संरक्षण उद्योग म्हणून जो आपण वर बघतो तो झाडाचा शेंडा. खाली बार्ज, ट्रॉलर, फेरीबोट, साखर कारखान्याचा बॉयलर.

दिवाडी बेटावर याचं उलटं, चांगलं उदाहरण आहे. नौदलासाठी तिथल्या अ‍ॅक्वेरियस यार्डानं 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. आराखडा डच, हात आपले. तिच्यातून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, मग अभिलाष टॉमी कुठंही न थांबता फिरून आले. गोष्ट तिथं संपली असती तर कौतुकाची कात्रणं उरली असती. पण त्याच आराखड्यावर, त्याच यार्डात, 2017 मध्ये 'तारिणी' झाली आणि नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. मला 'म्हादेई'पेक्षा 'तारिणी'चं जास्त अप्रूप वाटतं.

प्रश्न: गोव्यात बांधलेल्या नौका परदेशी नौदलांत आहेत असं ऐकतो. कुठल्या?
— एक वाचक, चिखली

श्रीलंकेच्या नौदलात 'सयुराला' (2017) आणि 'सिंदुराला' (2018) या दोन मोठ्या गस्ती नौका, मॉरिशसच्या तटरक्षक दलात 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट' या वेगवान गस्ती नौका, शिवाय छोट्या इंटरसेप्टर बोटी. सगळ्या वास्कोच्या गोवा शिपयार्डच्या. मॉरिशसची 'बाराकुडा' कोलकात्याची, ती आपल्या खात्यावर मांडू नका. आणि यातही दोन-दोनच्या जोड्या आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

प्रश्न: माझं गॅरेज आहे. रडार बनवता येतं, क्षेपणास्त्र बनवता येतं, मग इंजिनापाशीच सगळ्यांची गाडी का अडते?
— डिचोली

तुम्ही गॅरेजवाले, तुम्हाला अर्धं उत्तर ठाऊक आहे. गाडीचा सांगाडा कोणीही ठोकून देतो. पण ब्लॉक कुठं ओतायचा?

सगळ्यात कडू उदाहरण आपलंच. 1956 मध्ये कुर्ट टँक हा नामांकित जर्मन विमानरचनाकार बंगळूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात आला. त्याआधी तो अर्जेंटिनात विमान करत होता. त्याच्या हाताखाली आपल्या लोकांनी 'मारुत' हे लढाऊ विमान उभं केलं. 17 जून 1961 ला उडालं. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा. त्याला हवं तसं ताकदवान ऑर्फियस इंजिन ब्रिटिश कंपनी बनवायला तयार होती, फक्त विकासाचा खर्च भारतानं सोसायचा होता. आपण हात आखडला. मग कमी ताकदीचं इंजिन बसवलं, इजिप्तच्या एका इंजिनावरही आशा लावून बघितली. 147 विमानं बनली, 1971 च्या लढाईत त्यांनी कामगिरी केली, पण सरळ उड्डाणात आवाजाचा वेग काही ओलांडला नाही. बुलेटच्या चेसिसमध्ये लुनाचं इंजिन.

कोरियाएवढा पोलादात, गाड्यांत, जहाजांत मुरलेला देशही इथं अडखळला. त्यांच्या के-2 रणगाड्याच्या पहिल्या तुकडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही जर्मन. दुसऱ्या तुकडीत इंजिन कोरियन झालं, गिअरबॉक्स जर्मनच राहिला, कारण स्वदेशी गिअरबॉक्स चाचणीत टिकला नाही. हे त्यांनी लपवलं नाही की रेटून 'स्वदेशी' म्हणून बसवलं नाही. तुर्कस्ताननं 'बायराक्तार' ड्रोनचा एवढा डंका वाजवला, त्याचं इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं. 2020 मध्ये आर्मेनिया-अझरबैजान लढाईत ती ड्रोन दिसल्यावर इंजिनवाल्यांनी पुरवठा आवळला आणि कॅनडानं ड्रोनच्या कॅमेऱ्याचा पुरवठा बंद केला. कॅमेरा असेलसाननं आपला बनवून दिला, त्याच वायरलेसवाल्या असेलसाननं. तुर्की हेलिकॉप्टरं पाकिस्तान घेणार होता, तर इंजिनात अमेरिकन वाटा असल्यामुळं वॉशिंग्टनला परवाना मागावा लागला आणि तो मिळाला नाही. म्हणजे इंजिन नुसतं बनवता येत नाही एवढंच नव्हे, ते ज्याचं असेल त्याला विचारल्याशिवाय आपलं विमान आपल्याला विकताही येत नाही.

कारण धातूत आहे. टर्बाइनचं पातं पांढरं होईल इतक्या उष्णतेत, मिनिटाला हजारो फेऱ्या घेत, वर्षानुवर्षं टिकायला हवं. ते पातं एकाच स्फटिकाचं ओततात. ओतायची कृती कागदावर सापडते. हजार पाती फुकट घालवायची तयारी आणि तेवढा पैसा लागतो, त्याला कागद पुरत नाही. छोट्या देशानं इंजिनाचा हट्ट आधी धरू नये असं माझं मत. दोन वेगळ्या दुकानांतून घ्यावं, आणि त्याची संपूर्ण खोलजोड, ओव्हरहॉल, आपल्या देशात करायचा हक्क करारातच लिहून घ्यावा. भावात घासाघीस करण्यापेक्षा त्या एका कलमासाठी भांडावं.

दुकानं दोन असली तरी नशीब बघा. वास्कोत 2024 च्या जुलैत 'त्रिपुट' ही फ्रिगेट जातीची युद्धनौका पाण्यात उतरली. आराखडा रशियाचा, गॅस टर्बाइन युक्रेनची. करार झाला 2019 मध्ये, आणि 2022 पासून दोघांची एकमेकांशी लढाई!

आणि पोलादाचंही सांगून टाकतो. गोव्याचं खनिज माझ्या जन्माआधीपासून जपानला जायचं. आमच्या यार्डात पत्रा यायचा त्यावर कधी कधी जपानी छाप असायचा. तो डोंगर कदाचित आमच्या सत्तरी तालुक्यातलाच असेल. 'विक्रांत' बांधताना युद्धनौकेचं खास पोलाद बाहेरून मिळेना, तेव्हा ते देशातच तयार करावं लागलं. त्यात काम रेंगाळलं, पण आता त्या जातीचा पत्रा आपल्याच गिरण्यांतून येतो.

प्रश्न: माझे वडील पोर्तुगीज वर्तमानपत्रं वाचायचे, त्यामुळं ब्राझीलचं कुतूहल आहे. ब्राझीलला हे जमलं का? आणि शस्त्रं विकून देश चालवणं बरं का, हेही मनातलं विचारते.
— मडगाव

ब्राझीलमध्ये दोन्ही प्रकारची फळं एकाच झाडाला लागली. 1950 मध्ये त्यांनी आधी वैमानिकी अभियांत्रिकीचं कॉलेज काढलं. तिथली पोरं तयार झाल्यावर, एकोणीस वर्षांनी, त्याच गावात एम्ब्राएर ही विमान कंपनी. ही एकोणीस वर्षं कुठल्याही सरकारला जड जातात, कारण मधे चार-पाच निवडणुका येतात. (ब्राझीलमध्ये मधेच लष्करानं सत्ता घेतली, त्यांना तो प्रश्नच उरला नाही.) एम्ब्राएरनं प्रवासी विमानांवर पोट भरलं, लष्करी विमानं जोडीला. आज तिचं सी-390 मालवाहू विमान कोण घेतं? पोर्तुगाल! पाच मागवली 2019 मध्ये. पोर्तुगालमधला अल्वेर्काचा जुना विमान कारखानाही बहुतांश तिच्याच मालकीचा आहे. तुमच्या वडिलांना हे वाचून काय वाटलं असतं कोण जाणे.

दुसरं फळ एंजेसा. चिलखती गाड्या बनवायची, इराकला, लिबियाला धडाधड विकायची. घरच्या लष्कराची मागणी बेताची, सगळा जीव बाहेरच्या लढायांवर. मग सौदी अरेबियाला डोळ्यांसमोर ठेवून 'ओझोरियो' हा भारी रणगाडा केला. चाचण्यांत चांगला ठरला, पण सौदीनं अमेरिकेचा घेतला. इराण-इराक लढाई संपली, इराककडची वसुली रखडली आणि 1993 मध्ये एंजेसाचं दिवाळं वाजलं.

तुमचा दुसरा प्रश्न मी टाळणार नाही. मला गस्ती नौका विकायला संकोच वाटत नाही, तिच्यामुळं मच्छीमारांचे जीव वाचतात. चिलखती गाडी हुकूमशहाला विकायला मला जमलं नसतं. पण माझ्यावर ती वेळ कधी आली नाही, तेव्हा मोठ्या तोंडानं बोलत नाही. एंजेसाच्या कामगारांना कुणी विचारलं असेल असंही वाटत नाही.

प्रश्न: भाऊ, माझा मुलगा आयटीआयला वेल्डर करतोय. मामा कतारला बोलावतोय. मुलाला इथं वास्कोला जहाजांवर काम करायचंय, मोठमोठी जहाजं बघून वेडा झालाय. तुम्ही या धंद्यात होता, खरं काय ते सांगा.
— एक आई, सावर्डे

ताई, ही चिठ्ठी मी तीनदा वाचली. माझ्या अकरापैकी आठ जणांच्या आयांनीही तेव्हा मला असंच विचारलं होतं.

कतारचा पगार जास्त, त्यात वाद नाही. इथं कायमची नोकरी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण बहुतेक पोरं ठेकेदाराकडे लागतात आणि ठेका संपला की घरी. सध्या काम आहे. हे किती वर्षं टिकेल ते मुलाच्या हातात नाही. पुढची जहाजं वेळेवर मागवतात की नाही त्यावर आहे.

म्हणून त्याला असं शिकवा की दोन्हीकडे दार उघडं राहील. साध्या पत्र्यावर आडवा सांधा मारून खूश होऊ नये. पाइपचा सांधा, तोही तिरक्या ठेवलेल्या स्थिर पाइपचा, ज्यात खालून वर उलटं वेल्डिंग करावं लागतं, 6-जी म्हणतात, ती परीक्षा द्यावी. टिग वेल्डिंग शिकावं, अ‍ॅल्युमिनियमवर हात बसवावा, कारण वेगवान बोटींचा वरचा भाग त्याचाच असतो. सर्टिफिकेटच्या तारखा संपू देऊ नयेत. आणि ग्राइंडिंग करायला कंटाळा करू नये. सगळ्यांना ठिणग्या आवडतात, साफसफाई कुणालाच नको असते.

मामाला सांगा, दोन वर्षं थांबा. इथं ठेकेदाराकडे का होईना, युद्धनौकेवर काम केलं तर एक्स-रेची शिस्त अंगात भिनते, आणि ती शिस्त घेऊन कतारला गेला तर पगार वेगळा ठरतो. आधी कतारला गेला तर परत येणं कठीण. माझे आठ अजून तिकडंच आहेत. चतुर्थीला येतात, घरं बांधतात, माझ्या पाया पडतात, आणि परत जातात.

मुलाला सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे पाठवा, पत्ता संपादकांकडून घ्या. येताना त्यानं स्वतः केलेला एक पाइपचा सांधा आणायला सांगा. रंग लावून, घासून चकाचक करून आणू नये. मी तो कापून वाकवून बघणार आहे.